तुटलेला मज्जातंतू व शिकणारा मेंदू

कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. त्या विषयांवर आम्ही गेली अनेक वर्षे कारखान्यांच्या फाटकापुढे बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलूच. या वेळी प्रश्न निराळा घेतला आहे. शरीरातील मज्जातंतू तुटला तर तो पुन्हा वाढतो काय, आणि वाढला तर हात पहिल्यासारखा चालू लागतो काय? आमची शाळा लौकर सुटली, त्यामुळे हे शास्त्र आम्हाला वर्गात कुणी शिकवले नाही. संघटनेच्या कचेरीत येणारे हात पाहून प्रश्न पडले, आणि मग ग्रंथालयात बसून व डॉक्टरांच्या मागे लागून उत्तरे गोळा करावी लागली. ती येथे मांडतो.

नंदनवन, हसनबाग, जगनाडे चौक या आपल्या वस्त्यांतून सकाळी कितीतरी माणसे बुटीबोरीला आणि हिंगण्याला कामावर जातात. त्यांतल्या एखाद्याचे बोट प्रेसखाली गेले तर ते सगळ्यांना दिसते. पण दुसऱ्या एका तऱ्हेची इजा दिसत नाही. मनगटावर पत्र्याची कड लागते, टाके पडतात, पंधरा दिवसांनी पट्टी सुटते. पाची बोटे जागच्या जागी असतात. आणि तरीही त्या हाताला खिशातले नाणे ओळखता येत नाही, सदऱ्याचे बटण लावता येत नाही, विडी जळत बोटापर्यंत आली हे कातडी करपल्याचा वास येईतो समजत नाही. मुकादम म्हणतो, हात तर धड दिसतो, कामावर का येत नाही? घरचेही हळूहळू तसेच विचारू लागतात. काही दिवसांनी त्या माणसाला स्वतःलाच वाटू लागते की आपण सोंग तर करीत नाही ना.

तो सोंग करीत नसतो. त्याच्या मनगटातला मज्जातंतू तुटलेला असतो.

जुने लोक याला ज्ञानतंतू म्हणत, आताच्या क्रमिक पुस्तकांत चेतातंतू म्हणतात. ज्ञानतंतू हा शब्द गोड आहे, पण तो निम्मेच काम सांगतो. बोटाला काय लागले याचे ज्ञान मेंदूकडे नेणारे धागे जसे त्यात असतात, तसेच मेंदूचा हुकूम स्नायूंकडे आणणारे धागेही असतात. मनगटातून जाणारा एक मुख्य मज्जातंतू पेन्सिलीहून बारीक असतो, पण त्यात असे हजारो धागे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी बांधलेले असतात. प्रत्येक धागा म्हणजे एका पेशीचा लांबच लांब हात. ती पेशी बसलेली असते मानेजवळ, मज्जारज्जूत किंवा त्याच्या अगदी लगत, आणि तिचे टोक मात्र अंगठ्याच्या पेरात. पायाकडे जाणारे धागे तर जवळजवळ मीटरभर लांब असतात.

धागा कापला गेला की काय होते हे ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेवर पाहिले. कापल्या जागेच्या पुढचा, म्हणजे पेशीपासून तुटलेला भाग थोड्या दिवसांत मरून विरघळतो. मागचा भाग पेशीला जोडलेला असल्यामुळे जिवंत राहतो. धागा मरतो, पण त्याच्याभोवतीची नळी उरते. या नळीच्या अस्तरात श्वान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. मेलेल्या धाग्याचा कचरा काढायला त्या हातभार लावतात, स्वतः रांगेने उभ्या राहतात आणि वाढीला लावणारी द्रव्ये सोडून मागच्या टोकाला जणू हाका मारतात. त्या हाकेला ओ देऊन जिवंत टोकातून कोंब फुटतो आणि नळीत शिरून पुढे सरकू लागतो.

सरकण्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. नखाच्या वाढीपेक्षा हा वेग बराच जास्त आहे, पण पोटासाठी काम करणाऱ्या माणसाच्या हिशेबाने फार थोडा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटिमीटर धरले तर एकशेऐंशी दिवस, आणि सुरुवातीचे काही आठवडे टोकाला सावरायला लागतात ते वेगळे. म्हणजे सात महिने. इजा काखेजवळ झाली असेल तर पासष्ट सेंटिमीटरांना पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागेल. येथे खरी अडचण उभी राहते. मज्जातंतूवाचून स्नायू वर्ष दीड वर्षच तग धरतो, त्यानंतर तो सुकून तंतुमय होतो. धागा घरी पोचतो तेव्हा घर पडलेले असते. म्हणून मज्जातंतू तुटला आहे हे पहिल्याच दिवशी ओळखले जाणे आणि तो लौकर शिवला जाणे याला सगळ्यांत अधिक महत्त्व आहे.

हा सगळा प्रवास एका डॉक्टराने स्वतःच्या हातावर पाहिला आहे. लंडनचे हेन्री हेड यांची तक्रार अशी होती की रुग्णांना संवेदना विचारली तर ते धड सांगू शकत नाहीत. तेव्हा २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हाताच्या कातडीकडे जाणारा मज्जातंतू मुद्दाम कापवून घेतला आणि पुन्हा शिवून घेतला. पुढची चार वर्षे ते सवड काढून केंब्रिजला जात आणि तेथे त्यांचे मित्र रिव्हर्स डोळे मिटलेल्या हेड यांच्या हातावर टाचणी, कापूस, गरम व थंड नळ्या लावून नोंदी करीत. आधी परतली ती ढोबळ वेदना. ती झोंबणारी होती आणि नेमकी कोठे होते ते सांगता येत नसे. नाजूक स्पर्श आणि जागेची ओळख फार उशिरा आली. यावरून हेड यांनी दोन प्रकारच्या संवेदनांचा जो सिद्धांत बांधला तो पुढे टिकला नाही. नोंदी मात्र आजही वाचल्या जातात. आमच्याकडे येणारा कामगार चार महिन्यांनी म्हणतो, "आधी बधिर होतं ते बरं होतं, आता मुंग्या येतात, हात लावला की झोंबतं." तो बिघाड समजून घाबरलेला असतो. पुष्कळदा ते धाग्याचे टोक पुढे येत असल्याचे लक्षण असते.

येथवर सांगितले ते हातापायांतल्या मज्जातंतूंबद्दल. मेंदू व मज्जारज्जू यांची गोष्ट वेगळी. स्पेनचे रामोन इ काहाल यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे पाहून त्यांनी निर्णय दिला की मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूत तुटलेला धागा थोडा धडपडतो आणि थांबतो. हा निर्णय साठ-सत्तर वर्षे शेवटचा मानला गेला. १९८१ साली कॅनडातील माँट्रियल येथे अल्बर्ट अग्वायो व सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा काढून मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतल्या पेशींचे धागे त्या पुलात शिरून सेंटिमीटरच्या मापाने वाढले. म्हणजे त्या पेशींत वाढण्याची शक्ती होती, भोवतालची जमीन त्यांना वाढू देत नव्हती. पुढे स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन श्वाब यांनी वाढ रोखणारी द्रव्येही शोधून काढली.

परंतु या शोधांतून मज्जारज्जू जोडणारे औषध अजून हाती आलेले नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. इमारतीवरून पडून कमरेखाली लुळे झालेल्या तरुणाच्या घरी मूलपेशींच्या उपचारांच्या जाहिराती पोचतात, आणि दोन एकर शेत त्यात जाते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचे उपचार केवळ प्रयोग म्हणूनच करता येतात, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. एवढे तरी घरोघरी सांगावे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मज्जातंतू निकामी झाला म्हणजे हाताचे काय होते, हे विदर्भाइतके जवळून फार थोड्या प्रदेशांनी पाहिले असेल. कुष्ठरोग हा आपण कातडीचा रोग समजतो, पण मुळात तो मज्जातंतूंचा रोग आहे. त्याचे जंतू वर सांगितलेल्या श्वान पेशींतच वस्तीला जातात. नळीचे अस्तरच पोखरले जाते, मग आतला धागा जगणार कसा? वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी केली. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन. बाबांनी त्याआधी वरोऱ्यात सफाई कामगारांची संघटना बांधली होती आणि स्वतः डोक्यावर मैला वाहिला होता. आम्हा संघटनेच्या लोकांना याचा अभिमान वाटतो, आणि थोडी लाजही वाटते.

सेवेची ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. शास्त्राची परंपरा तितकी ठाऊक नाही. बोटे रोगाने झडतात, असा डॉक्टरांचाही समज होता. वेल्लोरचे पॉल ब्रँड यांनी १९४७ नंतर चिकाटीने दाखवून दिले की बोटे झडत नाहीत, बधिर झाल्यामुळे ती भाजतात, घासतात, फुटतात आणि संपतात. रात्री उंदीर कुरतडतात तरी झोपलेल्याला कळत नाही, म्हणून त्यांनी रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची रीत पाडली. हाताचा आकडा झालेल्या रुग्णाच्या चांगल्या स्नायूची कंडरा वळवून बोटांना जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी बसवली, आणि झालेल्या हातांना पुन्हा काम शिकवले.

आपल्या महाराष्ट्रात हे काम उभे केले डॉ. नोशीर अंटिया यांनी. १९२२ सालचा जन्म. इंग्लंडमध्ये शिकून ते परतले, आणि जेथे मोठे पैसे मिळाले असते तेथे न जाता पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. १९५८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटन शल्यचिकित्सेचा टाटा विभाग त्यांनी सुरू केला. कुष्ठरोग्याला गावाबाहेरच्या इस्पितळात ठेवून भागणार नाही, त्याला इतरांसारखेच सामान्य रुग्णालयात घेतले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. नाक बसवायचे, भुवया बसवायच्या, बोटे सरळ करायची, हे सारे करताना त्यांना दिसत होते की आपण इमारतीची डागडुजी करतो आहोत आणि पाया खचतोच आहे. पाया म्हणजे मज्जातंतू. म्हणून सत्तरच्या दशकात मुंबईत त्यांनी वैद्यकीय संशोधनाची एक संस्था काढली. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूच्या पेशी काचेच्या भांड्यांत वाढवून, श्वान पेशीत शिरलेला कुष्ठजंतू तिचे काय करतो याचा अभ्यास केला.

त्याच काळात हा शल्यविशारद रायगड जिल्ह्यात मांडव्याच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करीत होता. गावातल्या बाईला कुष्ठाचा चट्टा ओळखता येतो, क्षयाचे औषध देता येते, हे त्यांनी करून दाखवले. पुढे तेथल्या वजनदार मंडळींच्या विरोधामुळे ते काम गुंडाळावे लागले. एकच मनुष्य सूक्ष्मदर्शक आणि खेड्यातली बाई यांच्याकडे सारख्याच गांभीर्याने कसा पाहू शकतो, असे कुणी विचारील. आम्हाला त्यात विसंगती दिसत नाही. मज्जातंतू मरण्यापूर्वी वाचवायचा असेल तर हाताला बधिरपणा आल्याचे पहिल्या महिन्यात कळले पाहिजे, आणि ते कळणार गावातच. कुष्ठरोगात मज्जातंतू सुजून बधिरपणा आला आणि सहा महिन्यांच्या आत योग्य औषध मिळाले, तर तो पुष्कळदा परत येतो. त्यानंतर आशा झपाट्याने उतरते. १९८२ पासून बहुविध औषधांच्या उपचाराने जंतू नक्की मरतात; मेलेले मज्जातंतू त्याने उठत नाहीत. आजही देशात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण नोंदले जातात, म्हणून ही गोष्ट जुनी झालेली नाही. अंटिया २००७ मध्ये वारले.

राहिला मेंदू. आणि आमच्या मते सगळ्यांत कमी समजला गेलेला भाग हाच आहे.

समजा मनगटातला मज्जातंतू वेळेवर शिवला, कोंब फुटले, सात महिन्यांनी बोटाच्या टोकाला पोचले. काम संपले? आपल्याकडच्या हलबा विणकरांना याचे उत्तर चटकन समजेल. मागावरचा ताणा तुटला तर विणकर एकेक धागा त्याच्याच जोडीदाराशी गाठतो. शल्यविशारदाला हजारो धाग्यांची अशी जुळणी करता येत नाही. तो भिंगाखाली वरचे आवरण आणि मोठे गठ्ठे जुळवतो, आतला धागा मिळेल त्या नळीत शिरतो. अंगठ्याचा धागा मधल्या बोटात निघतो, मधल्या बोटाचा तळहातावर. मेंदूला मात्र ही अदलाबदल कुणी कळवलेली नसते. मधल्या बोटाला टोचले तरी मेंदू म्हणतो, अंगठा.

शिवाय या सात महिन्यांत मेंदूही स्वस्थ बसलेला नसतो. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा एक नकाशा असतो. हात, ओठ, जीभ यांना त्यात मोठी जागा, पाठीला थोडी. हा नकाशा लहानपणी एकदा ठरला की पक्का, अशी समजूत होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल मर्झेनिच व जॉन कास यांनी माकडांच्या हाताचा एक मज्जातंतू कापून पाहिले, तेव्हा मेंदूतल्या त्याच्या मोकळ्या जागेवर शेजारच्या कातडीने हक्क सांगितलेला आढळला. आपल्या देशात मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांनी हाच धागा पुढे नेला. मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडात मेंदूची हाताची जागा काही काळाने हनुवटीच्या स्पर्शाला ओ देऊ लागते. आणि ही उलथापालथ मुख्यतः मेंदूच्या खाली, मेंदूस्तंभात घडते, असे त्यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवले. हात तुटलेल्या माणसाला गालाला स्पर्श केला की तुटलेले बोट जाणवते, हे आपल्या व्ही. एस. रामचंद्रन यांचे निरीक्षण गाजले. तुटलेल्या हाताची जागा मेंदूत खरोखर किती पुसली जाते याविषयी मात्र २०१३ पासून तेव्हा ऑक्सफर्डला असलेल्या तामार माकिन व इतरांनी शंका काढल्या आहेत. आम्हाला हा वाद लांबून पाहायलाही आवडतो; पुरावा आणा म्हणणारी भांडणे आमच्या धंद्यात कमी होतात.

मजुराच्या कामाचा भाग असा: नकाशा बदलत असेल, तर तो पुन्हा शिकवताही येतो. स्वीडनमध्ये माल्मो येथे गोरान लुंडबोर्ग यांनी हात शिवण्यात व शिवलेल्या हातांना शिकवण्यात आयुष्य घातले. त्यांचा व सहकाऱ्यांचा एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. त्यांनी शिवलेल्या हाताच्या कोपराखालच्या कातडीला बधिर करणारे मलम लावले. कोपराकडून येणारे निरोप थांबले, मेंदूत शेजारची जागा मोकळी झाली, आणि पंजाची स्पर्शाची जाण सुधारली. शेजाऱ्याने आवाज बंद केला की आपले बोलणे ऐकू येते, तसे हे.

मलम मिळो न मिळो, मुख्य शिक्षण घरी होते आणि त्याला खर्च नाही. दिवसातून चार वेळा, दहा दहा मिनिटे. नाणे, किल्ली, बटण, काडेपेटी, तांदूळ, तूरडाळ. आधी डोळ्यांनी पाहत ती वस्तू दुखऱ्या बोटांनी चाचपायची आणि मनात म्हणायचे, हे गुळगुळीत, हे खडबडीत. मग डोळे मिटून तीच. मग चांगल्या हाताने, मग पुन्हा दुखऱ्या. डोळे मेंदूला शिकवतात, मेंदू बोटाला ओळखतो. लहान मुलांत हे आपोआप व चांगले होते. चाळिशीच्या माणसात अपुरे राहते, पण केले नाही तर मुळीच होत नाही. घरातली बाई किंवा शाळेतले पोर समोर बसून वस्तू देत असेल तर सराव टिकतो, असा आमचा अनुभव आहे. एकट्याने करणारे बहुतेक महिन्याभरात सोडून देतात.

आता कायदा काय म्हणतो पाहा. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला इजांची एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, चारी बोटे गेली तर ५० टक्के. त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, यादी तिच्यातही आली. जागेवर असलेल्या पण बधिर बोटांसाठी त्या यादीत वेगळी ओळ नाही. अवयवाचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला तर तो अवयव गेल्यासारखाच धरावा, अशी एक टीप आहे. पण आमच्या कामगाराच्या हाताचा उपयोग पूर्ण गेलेला नसतो, आणि कायमचा गेला की नाही हे सात महिन्यांआधी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग यादीबाहेरची इजा म्हणून डॉक्टरने टक्के ठरवायचे. एका कारखान्यात आम्ही असा दाखला पाहिला की तो इजेनंतर पाचव्या आठवड्यात दिलेला होता आणि त्यात लिहिले होते, जखम भरली, कामास योग्य. जखम भरली होती हे खरेच. धागा त्या दिवशी मनगटापुढे फार तर दोन-तीन सेंटिमीटर आला असेल.

तेव्हा आमची मागणी टक्क्यांची नंतर आहे, आधी दिवसांची आहे. मनगटाच्या वा पंजाच्या कोणत्याही कापात टाके घालण्यापूर्वी बोटांची संवेदना तपासून कागदावर लिहावी. मज्जातंतू तुटला असेल तर शिवणाऱ्याकडे त्याच आठवड्यात पाठवावे. अंतर मोजून दिवस काढावेत आणि तेवढे दिवस तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता चालू ठेवावा. कायमचे टक्के त्यानंतरच ठरवावेत. कंत्राटदाराच्या माणसालाही हेच लागू व्हावे, कारण प्रेस हजेरीपुस्तक पाहून बोट निवडत नाही.

हे दिवस मोजायला यंत्रही लागत नाही. फ्रान्सचे डॉक्टर झ्यूल तिनेल यांनी १९१५ मध्ये, युद्धात जखमी झालेल्या शिपायांवरून, एक साधी खूण लिहून ठेवली. मज्जातंतूच्या वाटेवर बोटाने हलके टकटक करीत खालून वर यावे. ज्या जागी बोटांकडे विजेसारखी मुंगी जाते, तेथवर धागा आला असे समजावे. ही खूण शंभर टक्के खात्रीची नाही, आणि शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच. पण आम्ही आता संघटनेच्या कचेरीत असे करतो: महिन्याच्या पहिल्या रविवारी कामगार येतो, टकटक करतो, मुंगी आली तेथे पेनाने रेघ ओढतो, मनगटावरच्या टाक्यांपासून पट्टीने अंतर मोजतो, आणि तारखेसह वहीत लिहितो. रेघ तीन सेंटिमीटर पुढे गेली की चहा सांगितला जातो. दोन महिने एकाच जागी राहिली की पुढच्या सोमवारी वही घेऊन आम्ही त्याच्याबरोबर इस्पितळात जातो.